सुलतान खान : वजीर देऊन जिंकलेला डाव

बुद्धिबळ म्हटलं की आज आपल्याला पटापट नावं आठवतात. विश्वनाथन आनंद, २०२४ मध्ये जगज्जेता झालेला गुकेश, २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणारी आपली नागपूरची दिव्या देशमुख. आनंदचा जन्म १९६९ चा. त्याच्या जन्माच्या चाळीस वर्षं आधी एक भारतीय खेळाडू बोटीने लंडनला गेला, काही महिन्यांतच ब्रिटनचा विजेता झाला, माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला त्याने हरवलं आणि पाच वर्षं पुरी व्हायच्या आत सगळं सोडून तो गावी परतला. त्याचं नाव सुलतान खान. आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पट मांडून बसणारे कितीतरी जण आहेत, पण हे नाव त्यातल्या फार थोड्यांनी ऐकलं असेल. म्हणून हा लेख.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझ्या तोंडात बिशप, रूक, क्वीन हेच शब्द बसलेले. घरी आजोबा मात्र उंट, हत्ती, वजीर म्हणायचे. या लेखात मी आजोबांचेच शब्द वापरणार आहे, कारण सुलतान खान जो खेळ शिकला तो आजोबांच्या तोंडच्या जुन्या बुद्धिबळाच्या जवळचा होता.

हे जुनं बुद्धिबळ काय होतं ते आधी थोडक्यात सांगते. नियम गावागणिक थोडे बदलायचे, पण मुख्य फरक असे. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे सरकायचं, दोन नाही. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी मारता यायची. प्यादं शेवटच्या पट्टीत पोचलं की त्याचा लगेच वजीर होत नसे, ते कुठल्या घरात पोचलं यावर त्याचं मोहरं ठरायचं. अशा नियमांमुळे दोन्ही फौजा एकमेकांना भिडायलाच वेळ लागायचा. पहिल्या पंधरा चाली पाठ करून समोरच्याला गारद करणं हा प्रकारच नव्हता. खरी परीक्षा व्हायची ती डावाच्या मध्यात आणि शेवटी. युरोपियन पद्धत आपल्याकडे हळूहळू आली. मुंबईत तर १८१४ सालीच तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं युरोपियन पद्धतीला जुळवून घेतलेलं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं होतं. पण गावोगावच्या ओट्यांवर आणि पारांवर जुना खेळ पुढे शंभर वर्षं चालूच राहिला.

सुलतान खानचा जन्म १९०३ सालचा, पंजाबातल्या मिठ्ठा तिवाना या गावचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे. वडिलांकडून तो लहानपणीच जुनं बुद्धिबळ शिकला आणि विशी ओलांडेपर्यंत पंजाबातला सगळ्यात तगडा खेळाडू म्हणून त्याचं नाव झालं. त्या भागातले बडे जमीनदार सर उमर हयात खान यांना बुद्धिबळाचा भारी नाद होता. त्यांनी सुलतान खानला आपल्या पदरी घेतलं आणि युरोपियन नियम शिकायची सोय करून दिली. १९२८ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतान खानने आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकही हरला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमधल्या त्या काळच्या लिखाणात सुलतान खानचा उल्लेख सर उमर यांचा नोकर असाच येतो. अमेरिकन ग्रँडमास्टर रूबेन फाइनने तर लिहून ठेवलंय की १९३३ मध्ये अमेरिकेचा संघ सर उमर यांच्या लंडनच्या घरी जेवायला गेला, तेव्हा पाहुण्यांना वाढायला सुलतान खानच उभा होता. याउलट त्याच्या कुटुंबीयांचं म्हणणं असं की घराणं जमीनजुमला असलेलं आणि प्रतिष्ठित होतं आणि नोकर हा शिक्का चुकीचा आहे. दोन्ही बाजू वाचल्यावर मला एवढंच कळतं की पंजाबातल्या सरदाराच्या पदरी असलेला माणूस म्हणजे नेमका कोण, हे इंग्रजांच्या शब्दांत बसत नव्हतं. मग त्यांना जो शब्द सापडला तो त्यांनी चिकटवून दिला. एक मात्र नक्की, की त्याने कुठे जायचं, किती दिवस राहायचं आणि कधी परतायचं हे तो स्वतः ठरवत नव्हता.

१९२९ च्या वसंतात सर उमर यांच्याबरोबर तो लंडनला पोचला. त्याच्यासाठी मुद्दाम एक छोटी सरावस्पर्धा भरवली गेली आणि तिथे तो चक्क तळाला राहिला! कारण उघड होतं. युरोपात ओपनिंगवर पुस्तकांच्या थप्प्या होत्या आणि याने त्यातलं एकही पान वाचलेलं नव्हतं. इंग्रजी तर जवळजवळ येतच नव्हतं, त्यामुळे सोबत दुभाषा लागायचा. मग विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स या दोन ब्रिटिश खेळाडूंनी त्याला ओपनिंगचे धडे दिले. त्यानंतर काही आठवड्यांनी रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. विजेता कोण? सुलतान खान. इंग्लंडमध्ये येऊन त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

हा भाग वाचताना आपल्याला तो सिनेमातला अडाणी हिरो वाटू शकतो. कुणाच्या मदतीशिवाय, देवाच्या देणगीवर जिंकणारा. पण तसं नव्हतं. ओपनिंगमध्ये आपण कच्चे आहोत हे पहिल्याच स्पर्धेत दिसल्यावर तो शिकायला बसला. आणि जे आधीपासून पक्कं होतं, म्हणजे मधला डाव, शेवटचा डाव आणि कमालीचा धीर, ते त्याने सोडलं नाही. देणगी होतीच, पण तिच्यावर दहा-बारा वर्षांचा रियाज झालेला होता. फक्त तो रियाज इंग्लंडच्या पुस्तकांत नोंदलेला नव्हता, म्हणून तिथल्या लोकांना तो दिसला नाही.

त्यात इंग्लंडची हवा त्याला अजिबात मानवली नाही. आपल्या तळेगावला जुलैमध्ये दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात आणि अर्धं हॉस्टेल खोकत असतं, तसं त्याचं वर्षभर चाललेलं. मलेरिया, सर्दी, घशाचा त्रास. कित्येकदा तो गळ्याला पट्टी गुंडाळूनच पटावर बसायचा. चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही. समोरच्याला कळायचंच नाही की हा खूश आहे, घाबरलाय, की तापाने फणफणलाय.

आता त्या प्रसिद्ध डावाकडे येऊ. स्पर्धा हेस्टिंग्जची, १९३०-३१ ची. समोर क्यूबाचा होजे राऊल कॅपाब्लांका. हा १९२१ ते १९२७ जगज्जेता होता आणि १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं तो एकही डाव हरला नव्हता. त्याचा खेळ इतका बिनचूक की लोक त्याला यंत्र म्हणायचे. सुलतान खानकडे पांढरी मोहरी होती.

पाचव्या चालीला सुलतान खानने ए३ हे साधं प्यादं एक घर पुढे सरकवलं. बघायला अगदी जुन्या भारतीय खेळातली चाल! पण तिचा उद्देश स्पष्ट होता. काळ्याचा उंट बी४ वर येऊन घोड्याला दाबून धरू शकला असता, ती वाट तिने बंद केली. हीच कल्पना पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोशियनच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आजही खेळली जाते. बाराव्या आणि तेराव्या चालीत सुलतान खानने एक घोडा देऊन काळ्याचा चांगला उंट मारला. काळ्याकडे उरलेला दुसरा उंट बी७ वर होता आणि त्याच्या तोंडासमोर डी५ वर स्वतःचंच प्यादं उभं होतं. थोडक्यात, मोहरं पटावर आहे पण ड्यूटीवर नाही. हा उंट लक्षात ठेवा.

मग सुलतान खानने राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलायला सुरुवात केली. चौदाव्या चालीला एच४, एकोणिसाव्याला जी४, विसाव्याला जी५. किल्लेकोट त्याने केलाच नाही, राजा मधोमध उभा. तिकडे कॅपाब्लांकाने दोन्ही हत्ती सी पट्टीत एकामागे एक उभे केले. आपल्यासारख्या खेळाडूला इथे घाम फुटेल, कारण त्या दोन हत्तींच्या माऱ्यासमोर पांढऱ्याचा राजा उघडा दिसतो. एकविसाव्या चालीला पांढऱ्याचा उंट जी४ वर आला आणि त्याने तिरक्या रेषेत थेट सी८ वरच्या हत्तीवर नेम धरला.

कॅपाब्लांकाने मागे सरकण्याऐवजी घुसायचं ठरवलं. हत्ती सी१ वर, शह. राजा डी२ वर सरकला. दुसरा हत्ती सी२ वर, पुन्हा शह. आता सुलतान खानने वजिराने तो हत्ती मारला. काळ्याने उरलेल्या हत्तीने वजीर मारला आणि पांढऱ्याच्या राजाने तो हत्ती मारला. चोवीस चाली झाल्या तेव्हा हिशेब असा होता. पांढऱ्याने वजीर दिला आणि दोन हत्ती घेतले. दोन्हीकडे सात-सात प्यादी. पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट, काळ्याकडे वजीर, एक घोडा आणि तो कोंडलेला उंट.

पुस्तकातल्या गुणांनी मोजलं तर हत्तीचे पाच, म्हणजे दोघांचे दहा. वजिराचे नऊ. फरक नावापुरता. उलट बहुतेक जण वजीर घेतील, कारण वजीर सगळीकडे धावतो, शह देतो, गोंधळ घालतो. कॅपाब्लांकालाही बहुधा हाच भरवसा होता. त्याचा वजीर लगेच सी४ वर आला आणि तिथून बी३ वर घुसून बी२ च्या प्याद्यावर जाऊन बसला. सुलतान खानने शांतपणे एक हत्ती बी१ वर आणून प्यादं राखलं. पुढच्याच चालीला दुसरा हत्ती सी१ वर. ज्या सी पट्टीतून काळ्याने हल्ला केला होता, ती पट्टीच आता पांढऱ्याच्या ताब्यात गेली. नंतर सी३ वर चढलेल्या हत्तीने वजिराला हुसकून लावलं.

या डावाचं मर्म मला इथे वाटतं. वजीर कितीही बलवान असला तरी एकट्याने काही करू शकत नाही. त्याच्या मदतीला येणारा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे अडकलेला, राजा उघड्यावर. पांढऱ्याची मोहरी मात्र एकमेकांना धरून उभी. प्याद्यांच्या भिंतीमुळे वजिराला शहामागून शह द्यायला मोकळी जागाच मिळेना. इथून पुढे सुलतान खानने चाळीसेक चाली घेतल्या आणि एकदाही घाई केली नाही. आधी आपलं सगळं सुरक्षित, मग थोडी जागा, मग आणखी थोडी. पासष्टाव्या चालीला कॅपाब्लांकाने डाव सोडला. त्या स्पर्धेत मॅक्स युवे पहिला, कॅपाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा आला. पुढे कॅपाब्लांकानेच त्याच्या प्रतिभेला असामान्य म्हटलं.

हा काही एकदाच लागलेला मटका नव्हता. १९३१ च्या जानेवारीत त्याने तार्ताकोवरला बारा डावांच्या सामन्यात हरवलं. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडकडून पहिल्या पटावर खेळताना १७ डावांत आठ विजय, सात बरोबरी आणि फक्त दोन पराभव. हरवलेल्यांमध्ये रुबिनस्टाईन आणि फ्लोर, बरोबरीत रोखलेल्यांमध्ये त्या वेळचा जगज्जेता अलेखाइन. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश विजेता. विशेष म्हणजे १९३३ मध्ये ब्रिटनचं महिलांचं विजेतेपदही सर उमर यांच्याच घरातल्या मिस फातिमा यांनी जिंकलं. एका हिंदुस्थानी घराने दोन्ही मुकुट नेले!

आणि डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर मायदेशी निघाले. म्हणजे सुलतान खानही निघाला. वय तीस.

त्याचा शेवटचा मोठा सामना १९३५ चा, आणि समोर होते एक मराठी नाव, व्ही. के. खाडिलकर. दहा डावांत सुलतान खानने नऊ जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. त्यानंतर तो गंभीर स्पर्धांमध्ये दिसलाच नाही. त्याने शेती पाहिली, संसार केला. फाळणीनंतर त्याचं गाव पाकिस्तानात गेलं. भारतात १९५५ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांनी वाटून घेतलं. फिडे या जागतिक संघटनेने १९५० मध्ये पहिल्या २७ ग्रँडमास्टरांची नावं जाहीर केली. त्यात तार्ताकोवर होता, रुबिनस्टाईन होता, फ्लोर होता. या तिघांनाही हरवणारा सुलतान खान नव्हता. २५ एप्रिल १९६६ ला सरगोध्यात क्षयाने त्याचं निधन झालं.

असं वाचलं की आपल्याला राग येतो. मलाही आला. एवढा मोठा खेळाडू, आणि मालक परत निघाला म्हणून करिअर संपलं? पण मिस फातिमा पुढे सांगत की परतायला मिळालं तेव्हा सुलतान खानला कैदेतून सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या थंडीतून, आजारपणातून, न कळणाऱ्या भाषेतून सुटका. आपल्या मुलांना तर त्याने बुद्धिबळ शिकवलंसुद्धा नाही, आयुष्यात काहीतरी जास्त उपयोगाचं करा असं त्याचं म्हणणं असे. (हे वाक्य ऐकून इथे कितीजणांना आपले आईबाबा आठवले, हात वर करा!) म्हणजे आपण ज्याला वाया गेलेलं करिअर म्हणतो, ते त्याला स्वतःला तसं वाटत होतं का, हे खात्रीने म्हणता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तो थांबला याबद्दल नाही, तर थांबायचं की खेळायचं हे त्याला कुणी विचारलंच नाही याबद्दल.

आता हे सगळं इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये कशाला, असं कुणी विचारेल. आपल्या वर्गात बघा. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना फाडफाड इंग्रजी बोलता येतं, म्हणून व्हायवाला आमचं अर्धं काम तिथेच होतं. आणि मावळातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या मराठी शाळांतून आलेली मुलं लेथवर किंवा सर्किटवर हात बसलेला असूनही एक्स्टर्नलसमोर गप्प उभी राहतात, कारण येत असलेली गोष्ट इंग्रजीत मांडता येत नाही. चाकणच्या कंपन्यांच्या इंटरव्ह्यूलाही तेच. सुलतान खानला दुभाषा होता, आणि मुख्य म्हणजे त्याची परीक्षा पटावर होती. पट भाषा विचारत नाही. आपल्याकडे निदान प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तरी आधी काम बघायचं आणि मग इंग्रजी, असं झालं तर किती चेहरे बदलतील!

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. सुलतान खानला विंटर आणि येट्सने ओपनिंग शिकवलं आणि त्याने ते शिकून घेतलं. मला येतंय तेवढं पुरे, असं तो म्हणाला नाही. म्हणून जे मित्र इंग्रजीला घाबरून मागच्या बाकावर बसतात त्यांनी ते थोडं शिकून घ्यावं, आणि ज्यांना ते येतं त्यांनी विंटर-येट्ससारखं शिकवावं. हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर दोन्ही प्रकारची माणसं राहतात, हे काम मेसमध्ये चहा पिता पिताही होईल. फार मोठी योजना नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेने सुलतान खानला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर ही पदवी दिली. जाऊन ५८ वर्षं होत आली होती. पदवी आली ते बरंच झालं, पण त्याला ओळखायचं असेल तर पदवीपेक्षा डाव बघावा. ज्यांच्या रूमवर पट आहे त्यांनी हेस्टिंग्जचा हा डाव एकदा मांडा. चोवीस चाली झाल्या की थांबा. एका बाजूला वजीर, दुसऱ्या बाजूला दोन हत्ती. पुढची चाल न बघता आधी ठरवा, तुम्ही कुठल्या बाजूला बसाल.